तळघरकर

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. लुव्हेनमधली मराठी मंडळी मात्र त्यांना तळघरकर म्हणतात. तोंडावर 'दादा', पाठ फिरली की तळघरकर. हे नाव त्यांच्या घरापर्यंत पोचलंय हे मला त्यांच्या मुलीकडूनच कळलं. एका रविवारी मी फोन केला तर ती म्हणाली, "काका, तळघरकर तळघरात आहेत. तिकडे रेंज नाही. वर आले की सांगते."

लुव्हेन म्हणजे बेल्जियममधलं जुनं विद्यापीठाचं गाव, ब्रसेल्सहून रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत. इथं चिपसंशोधनाची आयमेक ही मोठी संस्था आहे आणि स्टेला आर्त्वा या बिअरचा अवाढव्य कारखानाही आहे. चिपमुळे आपल्याकडचे इंजिनीअर इथं येतात आणि बिअरमुळे त्यातले काही रमतात. तळघरकर चिपवाले. दिवसभर अशा खोलीत असतात जिथं धुळीचे कण मोजतात आणि तापमान दशांशात सांगतात. संध्याकाळी घरी येऊन तेच करतात. ऑफिसात कामं सेकंदांत होतात आणि घरी वर्षांत, फरक एवढाच.

गावातल्या कारखान्याकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. नावं ठेवत नाहीत, भले गृहस्थ आहेत. "ती आजच प्यायला लागते रे," एवढंच म्हणतात. आणि आजच प्यायला लागणारी कुठलीही गोष्ट त्यांच्या कामाची नाही. तळघरकर बिअर पितात असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय होईल. ते बिअर ठेवतात.

अशी माणसं आपल्याकडे घरोघरी होती आणि अजून आहेत. कोणी दुबईहून आणलेला साबण अंगाला लावायचा नाही, साड्यांच्या घड्यांत ठेवायचा. आहेरात आलेला काचेचा सेट खोक्यातून काढायचा नाही, कारण त्या योग्यतेचे पाहुणे अजून यायचेत. नवी चादर ट्रंकेत, जुनी अंगावर. तळघरकर अशाच घरात, डोंबिवलीत, दीड खोलीत वाढले. पलंगाखाली आईची भांडी, माळ्यावर वडिलांचे कागद, कपाटावर बॅगा आणि बॅगांच्या पोटात बॅगा. ठेवायची हौस रक्तात आणि ठेवायला जागा नाही, अशा अवस्थेत तिशी गाठलेल्या माणसाला परक्या मुलखात एकदम अख्खं तळघर मिळालं. पुढे जे झालं त्यात बिअरचा दोष कमी आहे.

घर घेतलं त्याची हकिगत वहिनी सांगतात. रेल्वे स्टेशनाच्या पलीकडे केसेल-लो भागात, एकाला एक चिकटून असलेल्या अरुंद घरांच्या रांगेतलं ते घर. एजंट वहिनींना खिडक्या, स्वयंपाकघर, मागची बाग दाखवत होता. हे खाली थर्मामीटर घेऊन उभे. जुलै महिना, बाहेर २९ अंश, खाली १३. त्यांनी जिन्याकडे तोंड करून तिथूनच आरोळी दिली, "घेऊया!" छप्पर गळतं हे नंतर कळलं. ते अजून गळतं. "तळघरापर्यंत पाणी येत नाही ना?" एवढीच त्यांची त्यावर चौकशी असते.

तळघर आहे मात्र झकास. विटांची कमान, खाली फरशी, भिंतींना अंगचाच गारवा. पूर्वी तिथं कोळसा आणि बटाटे साठवत. रस्त्याच्या बाजूला कोळसा ओतायचं एक भोक होतं आणि त्यातून दुपारी तासभर उन्हाची तिरीप आत यायची. तळघरकरांनी त्या भोकावर गोधडी लावली. साधीसुधी नव्हे, मुलगी झाली तेव्हा आईनं डोंबिवलीहून शिवून पाठवलेली. "बाळाला थंडी वाजू नये म्हणून पाठवली होती," वहिनी म्हणतात, "बाळाला हीटर आहे. बिअरला कोण आहे?"

उजेडाशी त्यांचं वैर उगाच नाही. बिअरला कडूपणा देणारे हॉप्सचे घटक उजेड लागला की बिघडतात आणि बिअरला एक उग्र दर्प येतो. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी फारसा नाही. म्हणून हिरव्या बाटलीतला पाहुणा त्यांच्या घरी आला तर त्याला वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतात. दुसरा वैरी उष्णता. दहा ते तेरा अंश हे त्यांचं सोवळं. एक वेळ चौदा चालेल, पण सकाळी दहा आणि दुपारी अठरा असं वरखाली होता कामा नये. तिसरा वैरी हवा, आणि तिच्यापुढे तळघरकरही हात टेकतात, कारण बाटलीचं बूच कितीही घट्ट बसवलं तरी वर्षानुवर्षांत थोडा ऑक्सिजन आत शिरतोच. काही बाटल्यांच्या तोंडांना त्यांनी मेण लावून पाहिलंय. तेव्हापासून वहिनी देवघरातल्या मेणबत्त्या मोजून ठेवतात.

नवा कोणी मराठी मुलगा लुव्हेनला आला की त्याला तळघर दाखवायला नेतात. जिन्याच्या वरच्या पायरीवर चपला काढायच्या. खाली गेल्यावर मोठ्यानं बोलायचं नाही. याला शास्त्राचा आधार नाही, पण आपणहूनच आवाज खाली येतो. मग प्रवचन सुरू होतं. कुठलीही बिअर ठेवून चालत नाही, हे पहिलं वाक्य. पिल्स, आयपीए असल्या हॉप्सच्या सुगंधावर जगणाऱ्या बिअर काही महिन्यांत उतरतात; त्या दुकानातून थेट पोटात गेल्या पाहिजेत. टिकते ती दणकट बिअर. आठ टक्क्यांच्या वर अल्कोहोल, गडद भाजलेलं माल्ट, अंगात भरपूर गोडवा आणि बाटलीत सोडलेलं जिवंत यीस्ट. हे यीस्ट तळाशी बसून आत उरलेला ऑक्सिजन खातं आणि बिअरला काही काळ सांभाळतं. मग हळूहळू अल्कोहोलचा तिखटपणा मवाळ होतो, हॉप्सचा कडूपणा मागे सरतो आणि मनुका, खजूर, शेरी अशा चवी पुढे येतात.

"किती वर्षांनी, दादा?" मुलगा विचारतो.

"ते तिच्यावर आहे," असं म्हणून दादा एका बाटलीकडे मायेनं बघतात.

फळ्या लावून मांडणी केली आहे. रोशफोरच्या मठातली दहा नंबरची, ११.३ टक्के. शिमेची निळी, ९ टक्के, सालवार. ऑरव्हालच्या मठातल्या स्किटल्सच्या सोंगट्यांसारख्या बाटल्या. ही बिअर खरं तर फक्त ६.२ टक्क्यांची, पण तिच्यात ब्रेटानोमायसिस नावाचं एक हट्टी यीस्ट असतं, ते महिनोन् महिने गप्प बसत नाही आणि बिअरची चव बदलत राहतं. बेल्जियममधल्या काही कॅफेंत ऑरव्हाल ताजी हवी की जुनी असं विचारतात. तळघरकरांना कोणी विचारलं तर ते म्हणतात, "नंतर सांगतो." खालच्या फळीवर ग्यूझ. ब्रसेल्सच्या परिसरात मोकळ्या हवेतल्या यीस्टवर आंबवलेली लॅम्बिक बिअर लाकडी पिंपांत राहते आणि एक, दोन, तीन वर्षांच्या लॅम्बिक एकत्र करून ग्यूझ करतात. कॉर्कच्या या बाटल्या आडव्या, बाकी सगळ्या उभ्या. उभं ठेवलं की गाळ बुडाशी बसतो आणि बिअर बुचाला लागत नाही. आडव्या-उभ्याचा हा वाद एकदाचा मिटवावा म्हणून त्यांनी एकाच बिअरचा अर्धा क्रेट उभा आणि अर्धा आडवा ठेवला होता. त्याला बरीच वर्षं झाली. निकाल लागलेला नाही, कारण निकालासाठी त्या उघडाव्या लागतील.

इंग्लंडचा एक स्वतंत्र कोपरा आहे. लंडनच्या फुलर्सनं १९९७ पासून दरवर्षी काढलेली व्हिंटेज एल, प्रत्येक साल आपापल्या खोक्यात. थॉमस हार्डीज एलची एक बाटली. डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप ब्रुअरीनं ती १९६८ मध्ये, कादंबरीकार हार्डी वारल्याला चाळीस वर्षं झाली त्या निमित्तानं काढली आणि ती पंचवीस वर्षं टिकेल असं लिहून दिलं. तळघरकरांनी हार्डीची एकही कादंबरी वाचलेली नाही. पण ज्याच्या नावानं पंचवीस वर्षं थांबायला मिळतं तो लेखक मोठाच असणार असं त्यांचं मत आहे. १९०२ मध्ये राजा सातवा एडवर्ड बर्टनला बास ब्रुअरीत आला होता. तेव्हा त्याच्या हस्ते ज्या बिअरची सुरुवात झाली तिच्या बाटल्या लोकांनी शंभर वर्षांनी उघडून प्यायल्या, हे ते दर बैठकीला सांगतात. प्यायल्या याचं त्यांना कौतुक नसतं. शंभर वर्षं कोणी उघडल्या नाहीत याचं असतं.

युरोपात खाण्यापिण्याच्या वस्तूंवर 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' असं छापावं लागतं; पण दहा टक्के किंवा जास्त अल्कोहोल असेल तर कायद्यानं सूट आहे. हा नियम कळला तो दिवस तळघरकरांच्या घरी सणासारखा गेला. "दहाच्या वर मरण नाही," असं त्यांनी जाहीर केलं आणि फळ्यांची फेरमांडणी केली. साडेनऊची मंडळी खाली गेली.

आणि त्यांची वही. डोंबिवलीहून आणलेली, लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याच्या गादीवर असते तशी खतावणी. आवक, टक्के, जागा आणि शेवटचा रकाना 'उघडणे'. पहिले तीन रकाने शाईनं भरलेले. चौथा पेन्सिलीनं. त्या रकान्यात खोडून खोडून कागद इतका झिजलाय की दिव्यासमोर धरला तर मागच्या पानावरची रोशफोर दिसते. '२०१४' पुसून '२०१७', ते पुसून '२०२०', मग नुसतंच 'बघू'. जाणकार सांगतात की बिअर ठेवायची तर तीन घ्याव्यात: एक लगेच प्यावी, एक वर्षानं, एक पुढे कधी. तळघरकर तीनच घेतात. पण पहिली उघडली तर तिघींचा संच मोडतो.

अँटवर्पला कुल्मिनाटोर नावाचा कॅफे जुन्या बिअरसाठी जगभर नावाजलेला आहे. तिथं ते आम्हाला एकदा घेऊन गेले. सालवार बिअरची जाडजूड यादी समोर आल्यावर चष्मा लावून बसले. आम्ही आपापलं मागवलं, प्यायलो, दुसरं मागवलं. हे अजून यादीतच. मध्येच मोबाइलवर काही गुणाकार करत होते. शेवटी यादी मिटली, खुर्चीत मागे रेलले आणि समाधानानं म्हणाले, "आपल्याकडचा माल यांच्या भावानं धरला तर छपराचं काम सहज निघेल." मग त्यांनी पाणी मागवलं.

वर्षातून एक दिवस मात्र ते एक बाटली उघडतात. गटारीला. आषाढी अवस बेल्जियममध्ये कोणाच्या ध्यानात नसते, तळघरकरांच्या असते. आठेक जण जमतात. वहिनी कोंबडीवडे करतात आणि खरं सांगायचं तर आम्ही जातो ते त्यासाठी. बाटली दोन दिवस आधी वर आणून उभी ठेवलेली असते. मोठमोठे चषक मांडले जातात, कारण इथं प्रत्येक बिअरला तिचा पेला लागतो. मग ३३० मिलीची ती एक बाटली, बुडाचा गाळ सोडून, आठ जणांत. ओतताना त्यांचा हात असा स्थिर असतो की ऑफिसातही तसाच असावा. माणशी पस्तीस-चाळीस मिली. तीर्थासारखी घ्यायची. फक्त डोक्यावरून हात फिरवायचा नाही इतकंच.

"तोंडात धर. गिळू नकोस," ते सांगतात. "काय येतंय?"

आम्ही जुने लोक तयार असतो. "मनुका," एक म्हणतो. "खजूर," दुसरा. "शेरी," मी. मी शेरी कधी प्यायलेलो नाही, पण इथं चालते.

एका वर्षी नागपूरचा एक मुलगा नवीन आला होता. त्यानं प्रामाणिकपणे डोळे मिटले, चव घेतली आणि म्हणाला, "दादा, ओला पुठ्ठा वाटून राहिला."

सगळे वड्यांकडे बघायला लागले. अकरा वर्षं सांभाळलेली बाटली होती. पण तळघरकर खूश! "बरोब्बर! ट्रान्स-टू-नॉनेनल. बिअर ऑक्सिजननं जुनी व्हायला लागली की हेच येतं. याला जीभ आहे!" मग चषक दिव्यासमोर धरून हळहळले, "मधल्या टप्प्यात गाठलं आपण हिला. अजून पाच वर्षं दिली असती तर शेरी झाली असती. घाई केली."

या माणसाकडे प्रत्येक दुखण्यावर हेच औषध आहे. बिअर फार गोड लागली? मुरेल. फार कडू? निवेल. फेस येत नाही? विसावलीय ती. एकदा एक बाटली चक्क सोया सॉससारखी लागली. मेलेलं यीस्ट फार वर्षांनी फुटून त्याचा अंश बिअरमध्ये उतरला की असं होतं. त्यावरही ते म्हणाले, "गंभीर झालीय." वहिनींनी ती उरलेली बाटली शांतपणे उचलली आणि दुसऱ्या दिवशी फ्राइड राइसमध्ये घातली. छान झाला होता.

आता माझं मत विचाराल तर ठेवलेली बिअर म्हणजे सगळं ढोंग नाही. एकदा त्यांना ताप होता आणि त्या भरात त्यांनी रोशफोरची चार वर्षांची बाटली माझ्या एकट्यासाठी उघडली. ताजी रोशफोर मी प्यायलेली आहे. ती घशाखाली उतरताना आपण अकरा टक्क्यांच्या आहोत हे सांगून उतरते. ही काही न सांगता उतरली. अंजिराचा गोडवा, मागून किंचित कोको आणि शेवटी एक आंबटसर रेघ, ती नसती तर सगळं चिकट झालं असतं. मी हळूहळू, अर्धा तास लावून प्यायलो. पण त्याच बिअरची दहा वर्षांची बाटली पुढे गटारीला निघाली तेव्हा ती नुसतीच थकलेली होती. बहुतेक दणकट बिअरना दोन-पाच वर्षं मानवतात. त्यानंतर उतरण असते आणि उतरणीवरही काही देखणी ठिकाणं असतात, एवढंच. हे मी तळघरकरांना सांगून पाहिलं. त्यांनी मान डोलावली. त्यांना ते माझ्याआधीपासून माहीत आहे. बिअर चांगली होते म्हणून ते ठेवत नाहीत. ठेवायची म्हणून ती चांगली होत असते.

२०१९ च्या जुलैची गोष्ट वहिनींच्या तोंडून ऐकावी. बेल्जियममध्ये उन्हाचा कहर झाला होता. पंचवीस तारखेला लुव्हेनच्याच बाजूच्या बेखाइनेनडाइक गावात ४१.८ अंश नोंदले गेले, देशातला विक्रम. इकडच्या घरांत एसी नसतो, पंखेही नसतात. ऊब बाहेर घालवायला काहीही नाही, ऊब आत कोंडायला सगळं आहे. तळघरकरांच्या आई तेव्हा डोंबिवलीहून आलेल्या. वरच्या खोलीत त्यांचा जीव घाबराघुबरा झाला. वहिनी म्हणाल्या, तळघरात सतरंजी टाकूया, सगळेच तिथं झोपू. तळघरकर जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले.

"किती जण?"

"किती म्हणजे? आपण चौघं."

"एक माणूस नुसता बसला तरी साधारण शंभर वॅटची उष्णता टाकतो. चार माणसं, चारशे वॅट. रात्रभर. म्हणजे तुम्ही खाली हीटर लावून झोपणार आहात."

"अहो, आई आहेत तुमच्या!"

"आईंचे ऐंशी धर."

शेवटी तह झाला. आई आणि मुलगी खाली, नवरा-बायको वर ओला टॉवेल घेऊन. पहाटे तळघरकर तापमान बघायला उतरले तर आई जाग्या होत्या, माळ ओढत बसलेल्या, समोर बाटल्यांच्या रांगा. मुलाचं पिणं आता निघणार, असं वहिनींना वाटलं. म्हाताऱ्या बाईनं सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "यातल्या वापरातल्या कुठल्या?"

"वापरातल्या नाहीत गं. सगळ्या ठेवणीतल्या."

"बरं केलंस," आई म्हणाल्या. "पुढे लागतात." आणि परत माळ ओढायला लागल्या. "त्या दिवशी मला कळलं," वहिनी म्हणतात, "हा आजार यांचा नाही, खानदानी आहे." तापमान पंधरावर गेलं होतं. वहीत तशी नोंद आहे: '२६/७/२०१९. १५.२. आई.'

या सगळ्या संसारात मानाचं स्थान एका क्रेटला. त्यातल्या बाटल्यांना लेबलच नाही. फ्रान्सच्या सीमेजवळ वेस्टव्ह्लेतेरेनला सिंत-सिक्स्टस नावाचा मठ आहे. तिथले साधू आपल्या चरितार्थापुरतीच बिअर करतात. बारा नंबरची, १०.२ टक्के, पिवळ्या बुचाची. जे काय लिहायचं ते बुचावर. २००५ मध्ये बिअरवेड्यांच्या एका जागतिक पाहणीत हिला जगात पहिला नंबर मिळाला आणि मठाच्या दारात गाड्यांच्या रांगा लागल्या. मग फोनवर नंबर लावायचा, गाडीचा क्रमांक सांगायचा, ठरल्या दिवशी जाऊन ठरावीक क्रेट उचलायचे आणि पुढे कोणाला विकणार नाही असा शब्द द्यायचा, अशी पद्धत पडली. फोन लागायचा नाही. लोक दिवसभर लावत बसायचे.

२००६ च्या नोव्हेंबरात वहिनी दवाखान्यात कळा देत होत्या आणि तळघरकर बाहेर बाकावर फोन लावत होते. नर्सला वाटलं, भारतात आईवडिलांना कळवायची धडपड चाललीय. तिनं पाणी आणून दिलं. आत मुलगी झाली आणि बाहेर फोन लागला, दोन्ही एकदम. ते आत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कशाचं, हे वहिनींनी आजवर विचारलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात दीडशे किलोमीटर गाडी हाकून लाकडी क्रेट आणला, चोवीस बाटल्यांचा. मुलीच्या जन्माचा क्रेट. बुचांवर छापलेली तारीख मुलगी पहिलीत जायच्या आत उलटली. बेल्जियममध्ये सोळाव्या वर्षी बिअर पिता येते, म्हणून वहीत आधी २०२२ होतं. मुलगी सोळाची झाली तेव्हा तळघरकरांना एकदम भारतीय संस्कार आठवले: सोळा म्हणजे लहानच की. २०२४ झालं. अठराव्या वाढदिवसाला त्यांनी इंग्लंडचा दाखला काढला. तिकडच्या मोठ्या घराण्यांत वारस जन्मला की दणकट एल करून ठेवत आणि तो एकवीस वर्षांचा झाला की पिंप फोडत. "शेवटी परंपरा काहीतरी विचार करूनच पडते," ते म्हणाले. २०२७. विकायची नाही ही साधूंची अट त्यांच्याइतकी कसोशीनं कोणी पाळली नसेल. प्यायची नाही अशी अट नव्हती, तीही पाळली.

मुलगी आता गेंटला शिकते. गेल्या जूनमध्ये परीक्षा संपल्यावर तिचे दोस्त घरी आले होते आणि आम्ही सगळे अँटवर्पला एका लग्नाला गेलो होतो. रात्री परतलो तर मागच्या बागेत पत्त्यांचा डाव रंगलेला आणि टेबलावर लेबल नसलेल्या रिकाम्या बाटल्या. वहिनींनी माझा दंड धरला. मी मोजल्या, नऊ होत्या.

एक उंच फ्लेमिश पोरगा अदबीनं उठला. त्यानं खुलासा केला: खाली फार भारी भारी बिअर दिसल्या, त्यांना हात लावणं बरं वाटेना. लेबल नसलेल्या तेवढ्या घरगुती वाटल्या, बुचांवरचंही काही वाचता येत नव्हतं, म्हणून त्या घेतल्या. मुलगी तेव्हा स्वयंपाकघरात साबुदाणेवडे तळत होती. तिच्या लक्षात आलं तेव्हा सहा संपल्या होत्या. "मग म्हटलं, बाबा, आता तीननं काय फरक पडतो?"

तळघरकर काही बोलले नाहीत. आत गेले. आम्हाला वाटलं, आता झोपतील किंवा रडतील. ते लाल वही आणि पेन घेऊन बाहेर आले. पेन्सिल नव्हे, पेन. खुर्ची ओढली आणि त्या पोराला विचारलं, "कशी होती?"

पोरानं विचार केला. डचमध्ये काहीतरी म्हणाला. तळघरकरांची डच कच्ची, वहिनींनी सांगितलं: "तो म्हणतोय, त्याच्या आजीच्या स्टोफव्लेससारखी." स्टोफव्लेस म्हणजे गडद बिअरमध्ये तासन् तास शिजवलेलं फ्लेमिश गोमांस, आणि इथं कोणाच्याही रांधण्याला आजीची उपमा मिळणं, याहून मोठी पावती नाही. पण तळघरकरांना खात्री होईना.

"चांगलं की वाईट?"

"अहो, चांगलंच! त्याची आजी आहे ती!"

त्यांनी नऊ नोंदी केल्या, शाईनं, एकेक करून. पोरांच्या पाठीवर थापा मारल्या. अठरा वर्षांत न घेतलेला निर्णय परस्पर कोणीतरी घेऊन टाकल्यावर माणूस जसा हलका होतो तसे ते हलके दिसत होते. मला वाटलं, आता बांध फुटला. मीच धीर करून म्हटलं, "दादा, एक आपणही उघडूया का? तिचं वर्ष आहे, सगळे जमलेत, पोरं सांगतायत चांगली आहे."

"वेडा आहेस का?" ते म्हणाले. "चोवीस होत्या तेव्हा गोष्ट वेगळी. आता पंधराच राहिल्या!"

"मग २०२७ चं काय?" वहिनींनी विचारलं.

"हिच्या लग्नात बघू."

"आणि तिनं लग्न केलंच नाही तर?"

तळघरकरांचा चेहरा उजळला. "मग तर काय," ते म्हणाले, "घाईच नाही."